हत्यारांची पेटी परदेशी नेताना

व्हिसा हातात आला की आपल्या कोल्हापूरकडचा माणूस आधी लक्ष्मीपुरीची बाजारपेठ गाठतो. तिकडं सगळं महाग मिळतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून नवा ग्राइंडर, नवं ड्रिल मशीन, पान्यांचा नवा सेट असं सगळं खोक्यासकट आणून घरात रचून ठेवतो. मीही हेच केलं होतं. त्यातलं जवळजवळ सगळं शेवटी धाकट्या भावाकडं राहिलं. कायमचं राहायला येणाऱ्याच्या सामानाला बहुतेक देशांत करमाफी मिळते, पण ती वापरलेल्या सामानाला. सील न फोडलेलं खोकं दिसलं की कस्टमचा माणूस त्याला व्यापाराचा माल समजतो. तेव्हा निघायच्या तोंडावर नवं काही घेऊ नका. घ्यायचंच असेल तर आज घ्या, बिल जपून ठेवा आणि आजपासूनच ते कामाला लावा.

मी सोळा वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणारा होतो, आता मेलबर्नला असतो. सुट्टीत गावाकडं आलो की शिरोलीची, गोकुळ शिरगावची पोरं विचारायला येतात. कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी सुतार. मागच्या खेपेला हुपरीचा एक चांदी कारागीरही आला होता, ठशांची पिशवी घेऊन. प्रत्येकाला तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं.

गल्फला कंपनीच्या नोकरीवर निघालेल्यांना यातलं फारसं लागणार नाही. तिथं बहुतेक ठिकाणी हत्यारं कंपनीच देते. करारात तसं लिहिलंय का एवढं बघा, आणि हाताला बसलेल्या दोन-चार वस्तू बॅगेत घालून जा. हा लेख बाडबिस्तरा घेऊन निघालेल्यांसाठी आहे.

आधी वही, मग पेटी

एक वही घ्या आणि पेटी पूर्ण रिकामी करा. एकेक वस्तू काट्यावर ठेवायची आणि लिहायचं: वस्तू कोणती, कंपनी कोणती, तिच्यावर नंबर असला तर तो, साधारण किती साली घेतली, वजन, आणि आज जुन्या बाजारात विकली तर काय येईल ती किंमत. वजन लिहायचा कंटाळा सगळेच करतात आणि पुढं सगळं गणित तिथंच चुकतं. फिटरची पेटी दिसायला हातभर असते, पण काम धरायचा व्हाइस, हातोडे आणि पाने धरून साठ-सत्तर किलो सहज भरते.

मग प्रत्येक ओळीपुढं खूण करा: नेणार, ठेवणार, विकणार. माझा हिशेब सोपा आहे. तिकडच्या एका दिवसाच्या मजुरीत जी वस्तू नवी मिळते, ती इथून न्यायची नाही. हातोडा, हॅकसॉ, साधे पाने, पक्कड, कानशी यात येतात. जी वस्तू घडवायला किंवा हाताला बसायला वर्षं लागली, ती न्यायची. कमानपाट्याच्या पोलादातून लोहाराकडनं घडवून घेतलेल्या पटाश्या, स्वतः घासून बनवलेले स्क्रेपर, स्वतः तयार केलेली जिग आणि टेम्प्लेट, मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज.

माझ्याकडं आकसपट्ट्या होत्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: बिडाचं कास्टिंग थंड होताना शंभराला साधारण एक या प्रमाणात आकसतं, पोलादाचं दोनच्या आसपास. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी तेवढी लांब आखलेली असते, म्हणजे दरवेळी हिशेब करावा लागत नाही. आता पॅटर्न कॉम्प्युटरवर होतात, तिकडं ही पट्टी दुकानात सहजी मिळत नाही. चार पट्ट्यांचं वजन अर्ध्या किलोच्या आत. असल्या वस्तूंसाठी पेटी न्यायची असते.

लायसनचं आधी बघा. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांना ऑस्ट्रेलियासारख्या देशात स्थानिक लायसन मिळेपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर हात लावता येत नाही. तोवर पेटी तिकडं नुसती पडून राहते. अशांनी पहिल्या खेपेला फक्त बॅगेत बसेल तेवढं न्यावं, बाकीचं वर्षाने मागवावं. मात्र देशोदेशीच्या सवलतीला मुदत असते, ती पुढं सांगतो.

विजेवरचं इथंच राहू द्या

आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, जर्मनीतही तेच, प्लग तेवढा वेगळा. त्यामुळं वाटतं, प्लग बदलला की झालं. मशीन चालतं खरं, पण साइटवर ते चालू देत नाहीत. ऑस्ट्रेलियात कामाच्या साइटवर वायरच्या हत्याराला तपासणीचा टॅग लागतो, आणि तिथल्या मान्यतेचा शिक्का नसलेलं मशीन बघून सुपरवायझरच्या कपाळावर आठी येते. ब्रिटनमध्ये तर बांधकामाच्या साइटवर ११० व्होल्टचा पिवळा ट्रान्सफॉर्मर असतो, आपलं २३० चं मशीन तिथं लावायचीच सोय नाही.

अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ग्राइंडर किंवा हातड्रिलमधली कार्बन ब्रशवाली मोटर हर्ट्झचं फारसं मनावर घेत नाही, पण निम्म्या व्होल्टेजवर तिच्यात जीव राहत नाही. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज वाढवता येतं, हर्ट्झ बदलत नाही. बेंच ग्राइंडरची इंडक्शन मोटर तिकडं वीस टक्के जास्त वेगानं फिरते. दगडावर छापलेल्या वेगापेक्षा दगड जास्त फिरला की तो फुटू शकतो, हे वर्कशॉपमधल्या माणसाला मी सांगायला नको. वेल्डिंग मशीनचंही हेच, तिकडं जाऊन घ्या.

बॅटरीवरच्या मशीनची गोष्ट वेगळी. विमानात सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या बॅगेत चालते, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते. १०० ते १६० मधल्या जास्तीत जास्त दोन, त्याही एअरलाइनची परवानगी काढून. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा: १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९०, चालली. तीच ६ ची असेल तर १०८, परवानगी काढा. टोकांवर चिकटपट्टी लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवायची. जहाजानं जाणाऱ्या पेटीत मात्र बॅटरी घालूच नका. ती धोकादायक मालात मोडते आणि एका बॅटरीपायी सगळी पेटी अडकते.

गॅस सिलिंडर, लायटरचा गॅस, स्प्रेचे डबे, थिनर, अ‍ॅराल्डाइटसारखे गोंद, तेजाब ही नावंही काढू नका. पेट्रोलवर चाललेलं इंजिन किंवा चेन सॉ टाकी रिकामी केली तरी वास सोडत नाही, आणि विमानाला तो वास चालत नाही. गॅस कटिंगचे रेग्युलेटर न्यायला बंदी नाही, पण सिलिंडरच्या तोंडाचे आटे देशागणिक बदलतात.

आट्यांवरनं आठवलं. प्लंबरचा पाइपाला आटे पाडायचा डाय सेट न्यायचा का हे देशावर ठरतं. आपल्या पाइपांचे आटे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे; ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही तेच चालतात, सेट बिनधास्त न्या. अमेरिका-कॅनडात एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे. दोन्ही दिसायला सारखे, कोन वेगळा आणि आट्यांची संख्याही बऱ्याच मापांत वेगळी. दोन फेरे बसतात आणि मग गळती सुरू. तिकडं जाणाऱ्यानं डाय सेट इथंच विकावा. पान्यांचंही थोडं तसंच, अमेरिकेत अजून बराच कारभार इंचात चालतो.

फाउंड्रीतनं जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आयातीवरही. आपल्याकडं भट्टीजवळचे जुने हातमोजे, दोर, गॅस्केटचे तुकडे, ब्रेक लायनिंग यांत ते असू शकतं. पेटीच्या तळाशी असं काही पडलंय का ते नीट बघा. शंका आली तर ठेवून द्या.

धुणं

आता माझी फजिती. पॅकिंग करणाऱ्या एजंटाला मी विचारलं होतं, पेटी आतनं धुवायची का? तो म्हणाला, लोखंडाला कोण विचारतंय. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. पेटी मेलबर्नला उतरली, तपासणीत उघडली, आणि तपासनिसानं खालच्या कप्प्यातनं चमचाभर काळी वाळू काढली. मोल्डिंगची वाळू, बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची पूड मिसळलेली. माझ्या लेखी ती वर्कशॉपची धूळ होती. त्याच्या लेखी ती परदेशातली माती.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या पेटीची दरवर्षी खंडेनवमीला पूजा व्हायची. कोपऱ्यात सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, चार अक्षता निघाल्या, आणि नारळाच्या शेंडीचा एक केस. झेंडूची सुकलेली पाकळी म्हणजे बुडाशी बी. त्या माणसानं शांतपणे एकेक वस्तू पांढऱ्या ताटात मांडली. पेटी साफ करून परत तपासायचा आणि तोवर गोदामात ठेवायचा खर्च माझ्या माथी आला, आणि त्या पैशात तिकडं पटाश्यांचा नवा सेट आला असता.

तेव्हा धुवा. क्रम असा ठेवा. आधी कॉम्प्रेसरची हवा मारा, कप्पे उलटे करून. मग ब्रश आणि रॉकेलनं एकेक हत्यार धुवा. आटे, व्हाइसचा स्क्रू, पान्याचे दाते, थापीच्या दांड्याची खाच, टेपच्या तोंडातली फट, सगळीकडं. गवंड्यानं ओळंब्याचा दोरा बदलून टाकावा, जुना दोरा मातीनंच भरलेला असतो. रॉकेल निघेपर्यंत साबणाच्या पाण्यानं धुवा, लगेच पुसा आणि उन्हात वाळवा. सेफ्टी शूज नेणार असाल तर तळव्यातले खाचे टूथब्रशनं काढा. तपासनीस पायताण आधी बघतो.

हा सगळा कारभार एप्रिल-मेमध्ये उरकला तर बरं. पावसाळ्यात आपल्याकडं धुतलेलं लोखंड वाळेपर्यंत त्यावर गंजाची पहिली पापुद्री आलेली असते.

चामड्याच्या कामाची रापी-आरी नेणाऱ्यांनी चामड्याचा एकही तुकडा आत राहू देऊ नये. चांदी-सोन्याच्या कारागिरानं कानशीत अडकलेला कीस झटकून घ्यावा, तो आपला माल असतो आणि यादीत नसतो.

लाकडाची दोन प्रकरणं

एक मुठींचं, दुसरं पेटीचं.

मुठींना बारीक भोकं आहेत का, टिचकी मारल्यावर भुसा पडतो का, ते बघा. कीड दिसली तर ती मूठ काढून जाळा आणि पातं तेवढं न्या. तिकडं मूठ बसवायला अर्धा तास लागतो, धुरी द्यायला सांगितलं तर आठवडा आणि पैसे दोन्ही जातात. रंध्याचा ठोकळा किंवा मुठी शिसवाच्या असतील तर एवढं लक्षात ठेवा: शिसमच्या सगळ्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. तयार वस्तूंतलं शिसवी लाकूड एका खेपेत १० किलोच्या आत असेल तर त्याला सूट आहे, म्हणजे चार रंधे आणि मुठी निभावतात. आजोबांच्या वेळची सांबरशिंगाची मूठ असेल तर ती घरातच राहू द्या. वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, आणि विमानतळावर आजोबांची आठवण पुरावा म्हणून चालत नाही.

दुसरं पेटीचं. साध्या फळ्यांची पेटी किंवा पॅलेट परदेशी पाठवायची तर त्या लाकडावर प्रक्रिया झालेली असावी लागते: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं. तशा लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का मारलेला असतो, सोबत देशाची खूण आणि प्रक्रियेची अक्षरं. सुताराकडनं हौसेनं करून घेतलेली सागवानी पेटी कितीही देखणी असली तरी शिक्क्यावाचून बंदरात अडते. प्लायवूडला हा नियम लागू नाही. पण प्लायच्या पेटीला कोपऱ्यात ज्या फळ्यांच्या पट्ट्या ठोकतात त्यांना लागू आहे, आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

माझ्या मते आपली पत्र्याची ट्रंक सगळ्यांत बरी. लाकडाची भानगड नाही, पाणी आत जात नाही, वाकली तरी फुटत नाही. तीन मध्यम ट्रंका घ्या, एक मोठी नको. पंचवीस-तीस किलोच्या वरची ट्रंक एकट्याला नीट उचलत नाही, मग ती आपटतात.

भरायला पेंढा, गवत, गोणपाट, गुळाची किंवा द्राक्षाची रिकामी खोकी वापरू नका. धान्य-फळांचं जुनं खोकं बघूनच तपासणी लांबते. फोम, बबल प्लास्टिक, नवा पुठ्ठा वापरा.

गंज

जहाजावरचा कंटेनर दिवसा तापतो आणि रात्री थंड पडतो. आतली ओल छताला धरते आणि थेंब-थेंब खाली ठिबकते, बंद डब्यात पाऊस पडावा तशी. दीड-दोन महिने हे चालतं. वाटेत विषुववृत्त ओलांडायचं असेल तर आणखी.

धुतलेलं, वाळलेलं लोखंड उघड्या हातानं धरू नका. घामाचा ठसा उमटतो, तिथंच गंज धरतो. हातमोजे घालून पातळ तेलाचा हात फिरवा. घासलेल्या आणि धारेच्या भागाला ग्रीस लावा. त्यावर गंजरोधक कागद गुंडाळा. उद्यमनगरात मशिनचे पार्ट बाहेर पाठवणाऱ्यांकडं तो व्हीसीआय पेपर म्हणून असतो, कुणाकडनं तरी दोन मीटर मागून घ्या. मग प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सिलिका जेलची पुडी, तोंड बंद. वर्तमानपत्र थेट लोखंडाला लावू नका, ते ओल धरून ठेवतं.

मायक्रोमीटर बंद करताना दोन्ही टोकं एकमेकांना भिडवून ठेवू नका, थोडी फट राहू द्या. उष्णतेनं धातू वाढतो आणि भिडलेली टोकं एकमेकांवर दाब देतात. व्हाइसचे जबडेही असेच किंचित उघडे ठेवा. मोजमापाचं सगळं सामान, लेव्हल धरून, जहाजात घालूच नका. ते तुमच्यासोबत विमानानं गेलं पाहिजे.

जड खाली, हलकं वर, आणि मोकळी जागा ठासून भरलेली. झाकण लावून ट्रंक हलवा. आतनं आवाज आला तर उघडा आणि परत भरा. मी तिसऱ्यांदा भरली तेव्हा ती गप्प बसली. कुलूप लावू नका. तपासायची झाली तर ते कुलूप तोडतात आणि कडी वाकते. नट-बोल्ट लावा आणि बाहेरून पाना अडकेल असे ठेवा.

विमान की जहाज

जहाजाचा अर्धवट कंटेनर, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर आपला माल, याचं भाडं घनमीटरवर लागतं. एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त भरेल ते. आपलं सामान जड पण आटोपशीर. ६० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटरची ट्रंक म्हणजे जेमतेम ०.११ घनमीटर. अशा तीन ट्रंका झाल्या तरी घनमीटरचा एक तृतीयांश होतो. पण बिल बहुधा किमान एक घनमीटरचं लावतात. म्हणून उरलेल्या जागेत घरातलं वापरलेलं सामान घालता येतं: भांडी, पुस्तकं, कपडे. आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला आणि लोणच्याची बरणी मात्र या पेट्यांत जाणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. शेजारच्या मित्राचं सामानही आपल्या यादीत घेऊ नका. सवलत माणसाच्या नावावर असते, आणि चौकशीत त्याच्या हातोड्याचा इतिहास तुम्हाला सांगता येणार नाही.

विमानाच्या मालवाहतुकीत सेंटिमीटरमधल्या लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ६००० नं भागून आकाराचे किलो काढतात, कुरियरवाले बहुधा ५००० नं, आणि खरं वजन यापेक्षा जास्त असेल तर खऱ्या वजनाचे पैसे घेतात. वरची ट्रंक आकारानं २० किलोच्या आसपास भरते. लोखंड भरलं की खरंच वजन वर जातं. लोखंड विमानानं मालात पाठवणं म्हणूनच महाग पडतं.

उरली आपली चेक-इन बॅग. एका नगाला ३२ किलोच्या वर कुणी हात लावत नाही. कोल्हापूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशातल्या विमानात साधारण १५ किलोच धरतात, उजळाईवाडीला काउंटरवर बॅग उघडायची वेळ येते. एका तिकिटावर पुढचा प्रवास जोडून घ्या, नाहीतर रात्रीच्या बसनं मुंबई गाठा. धारेचं, टोकाचं, पानं-पक्कड सगळं चेक-इनमध्येच. हातातल्या बॅगेत राहिलेला स्क्रू ड्रायव्हर सुरक्षा तपासणीच्या टबात राहतो.

तीस किलोपर्यंत असेल तर जादा बॅगेचे पैसे भरा आणि मोकळे व्हा. साठच्या पुढं असेल तर जहाज. मधलं असेल तर वही काढून परत खुणा करा, माझ्या अनुभवात तिथं वीस किलो सहज गळतात.

जहाजाचा माल कोल्हापुरातनं ट्रकनं न्हावा-शेवा बंदराला जातो, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. तिथं कंटेनर स्टेशनवर आपल्या कस्टमची तपासणी होते, मग माल कंटेनरमध्ये चढतो. कागद लागतात ते पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, सामानाची यादी, आणि कस्टम एजंटाला दिलेलं अधिकारपत्र. स्वतःच्या वापराच्या, व्यापाराशी संबंध नसलेल्या सामानाला आयात-निर्यात कोड लागत नाही. पण मग सामान तसं दिसलंही पाहिजे. एकाच मापाचे दहा नवे पाने असतील तर कुणीही विचारणारच.

यादी

वहीची आता इंग्रजी यादी करा, टाइप करून. आपण बोलताना अवजारांना हत्यारंच म्हणतो, आणि फोनवरचं भाषांतर हत्याराचं ‘वेपन’ करून ठेवतं. कस्टमला दिलेल्या कागदावर ‘वीस वेपन्स’ लिहून गेलात तर पुढची कहाणी लांब होईल. टूल्स लिहा, ‘हँड टूल्स, यूज्ड’ असं. ‘इतर सामान’ अशी ओळ घालू नका. प्रत्येक ट्रंकेला नंबर, त्या नंबराखाली तिच्यातल्या वस्तू, नग, नंबर, जुनी किंमत. किंमत शून्य लिहू नका, फुगवूही नका. प्रत्येक ट्रंकेचे भरताना थरागणिक फोटो काढा. जुनी बिलं, आयटीआयचं सर्टिफिकेट, शॉपमालकाचं अनुभवाचं पत्र यादीच्या मागं जोडा. हत्यारं तुमचीच आणि वापरातली आहेत हे त्यावरनं दिसतं.

मग देशाप्रमाणं बघा. ऑस्ट्रेलियात सोबत न आणलेल्या वैयक्तिक सामानासाठी बी५३४ नावाचा अर्ज आहे. वस्तू निघायच्या आधी १२ महिने तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या असाव्यात. ब्रिटनमध्ये टीओआर१ अर्ज माल पोहोचायच्या आधी करून मंजुरीचा नंबर घ्यायचा. किमान १२ महिने बाहेर राहिलेलं असावं आणि वस्तू किमान ६ महिने वापरलेल्या असाव्यात. जर्मनीत आणि युरोपीय संघात साधारण असंच, आणि तिथं व्यवसायाच्या सामानापैकी फक्त हातानं नेता येण्याजोगी हत्यारं सवलतीत बसतात. लेथ बसत नाही, पटाशी बसते. तिथं राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत माल पोहोचला पाहिजे, आणि आल्यावर १२ महिने विकायचा किंवा भाड्यानं द्यायचा नाही. अमेरिकेच्या ३२९९ अर्जात धंद्याच्या हत्यारांचा वेगळा उल्लेख आहे, ती तुमच्या मालकीची आणि बाहेर वापरलेली हवीत.

कॅनडाची गोष्ट नीट वाचा. तिथं उतरता त्याच दिवशी, विमानतळावर, मागून येणाऱ्या सामानाची यादी दाखवून बीएसएफ१८६ या कागदावर नोंदवून घ्यायची असते. ट्रंका अजून कोल्हापुरात असल्या तरी यादी खिशात पाहिजे. त्या दिवशी नोंदवलं नाही तर पुढं सवलत मागणं अवघड होतं. घरगुती हत्यारं तिथं चालतात, पण बांधकामात, कंत्राटात किंवा कारखान्यात वापरायची यंत्रसामग्री सवलतीत धरत नाहीत. नियम बदलत असतात, त्यामुळं निघायच्या महिनाभर आधी त्या देशाच्या कस्टमच्या संकेतस्थळावरचं पान स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

एजंटाला काय विचारायचं

भाव तिघांकडनं घ्या आणि एकच प्रश्न लेखी विचारा: तिकडच्या बंदरात उतरल्यापासून माझ्या दारापर्यंत मला आणखी काय भरावं लागेल? इथं न्हावा-शेवापासूनचं भाडं ऐकून माणूस खूष होतो. खरं बिल तिकडं असतं: बंदराची हाताळणी, कंटेनर उघडून माल वेगळा करणं, डिलिव्हरी ऑर्डर, तपासणीचं शुल्क, गोदामाचं रोजचं भाडं. ज्यानं हे एकेक करून कागदावर लिहून दिलं त्याचा भाव चार पैसे जास्त असला तरी तो घ्या. ‘तिकडचं तिकडं बघू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

विम्याचं एक कलम आवर्जून बघा. मालकानं स्वतः भरलेल्या पेटीला बऱ्याच पॉलिसी फक्त पेटी पूर्ण गहाळ झाली तरच भरपाई देतात, आतली मोडतोड धरत नाहीत. गंजही बहुधा धरत नाहीत. मी तरीही स्वतःच भरतो आणि विमा फक्त हरवण्यापुरता समजतो, पण हे ठरवून करा, नंतर कळण्यापेक्षा.

ट्रंका दारात आल्या की पावतीवर सही करायच्या आधी बाहेरनं बघा. पत्रा वाकला असेल, बोल्ट निघाला असेल तर पावतीवर तसं लिहून मगच सही. मग यादी समोर ठेवून एकेक पिशवी उघडा, तेल पुसा, आणि जे मोडलं-हरवलं त्याचा फोटो त्याच दिवशी एजंटाला पाठवा.

आणि जे इथं ठेवलंय त्याचं बघा. भावाला, शेजारच्या शॉपवाल्याला सांगून ठेवा की रोहिणी लागायच्या आत एकदा सगळ्याला तेलाचा हात द्यायचा, आणि व्हाइसचा स्क्रू पूर्ण फिरवून परत लावायचा. मी हे सांगायला विसरलो होतो. दोन वर्षांनी आलो तेव्हा माझा सहा इंची व्हाइस जागच्या जागी धरला होता, तो सोडवायला भावाला आणि मला दोघांना दुपार लागली.